ब्रेंडा होल्डनला वकील हवा होता

गाडीने उडवल्यावर ब्रेंडा होल्डन झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर आडवी पडली. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं, एक बूट गटाराच्या जाळीपाशी, आणि अशा अवस्थेत तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सॉरी". हा सॉरी तिला उडवणाऱ्या एरिक पिलिंगला होता. दुसरा सॉरी लाँड्रीतून धावत आलेल्या मिसेस क्लेगना, कारण त्यांना हातातलं काम टाकून यावं लागलं. तिसरा अँब्युलन्समधल्या मुलाला, कारण तिची नवी पँट कापताना त्याची कात्री अडकत होती.

आमच्या हॉल्मशॉ या छोट्या इंग्लिश गावात यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. इथे माणूस दिव्याच्या खांबावर आपटला तरी खांबाची माफी मागून पुढे जातो. तुमच्या पायावर कुणी पाय दिला तर सॉरी तुम्ही म्हणायचं, ही इथली रीत. एरवी तिचा कुणाला त्रास नाही, झाली तर करमणूकच होते. पण एरिकच्या विमा कंपनीने हा सॉरी उचलला आणि नीट जपून ठेवला.

ब्रेंडा म्हणजे गावची लॉलीपॉप बाई. शाळा भरताना आणि सुटताना पिवळाधमक लांब कोट घालून, दांड्यावरची गोल पाटी हातात धरून भर रस्त्यात उभी राहणारी आणि पोरांना पलीकडे पोचवणारी. हे काम ती इतकी वर्षं करत होती की तिने रस्ता ओलांडून दिलेली पोरं आता आपल्या पोरांचा हात धरून यायची. आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, हे अर्ध्या गावाला तिने शिकवलं होतं. पगार असा की सांगायची लाज वाटावी. पण त्या कोटात ती उभी राहिली की दुधाचा टँकरसुद्धा मुकाट्याने थांबायचा, आणि हे तिला मनापासून आवडायचं. नवरा गेल्यावर तिला घराबाहेर काढलं ते त्या कोटानेच.

अपघात झाला तो शनिवार होता. शाळा बंद, अंगात साधा कोट, हातात पावासाठी रिकामी पिशवी. ती मार्केट स्ट्रीट ओलांडत होती आणि एरिकची व्हॅन आली. एरिक गावचा खाटीक. त्याच्याकडचे सॉसेज ब्रेंडा लग्न झाल्यापासून खात आली होती.

कमरेच्या हाडाला तडा गेला होता आणि मनगट मोडलं होतं. ती काठी घेऊन घरी आली त्याच आठवड्यात विमा कंपनीच्या बाईचा फोन आला. आवाज अगदी मधाळ.

"आता कसं वाटतंय, मिसेस होल्डन?"

"बरंय की. तक्रार करण्यासारखं काही नाही," ब्रेंडा म्हणाली. जिना चढता येत नव्हता म्हणून ती तेव्हा खालच्या खोलीत सोफ्यावर झोपत होती, आणि कूस बदलताना उशीत तोंड खुपसून ओरडायची.

"छान, छान. तर आमच्या ग्राहकाचं म्हणणं असं, की तुम्ही न बघता अचानक पाऊल टाकलंत. तुमचा हात वर होता, हे लाँड्रीतल्या बाईंनी पोलिसांना सांगितलंय. तुम्ही शाळेपाशी गाड्या थांबवता ना? मग सवयीने तसाच हात दाखवलात आणि गाडी थांबणारच असं धरून चालू लागलात. होतं असं माणसाचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नंतर तुम्ही माफीही मागितलीत. तरी आम्ही अर्धी चूक आमच्याकडे घेतो आणि अर्धी भरपाई देतो. चटकन मिटवून टाकू, काय?"

"थँक्यू हं, बाळा," ब्रेंडा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिची मुलगी जनीन दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आई, थँक्यू कशाबद्दल?"

"चांगलं बोलत होती गं ती."

"चांगलं बोलून तुला वेंधळी ठरवलं तिने. अर्धी चूक तुझी म्हणे. तुझी?"

अर्ध्या पैशांचं तिला फारसं वाटलं नव्हतं. तिला लागलं होतं ते 'न बघता पाऊल टाकलं' हे. दोन दिवसांनी कौन्सिलमधून, म्हणजे तिला पगार देणाऱ्या कचेरीतून, तिच्या वरच्या साहेबांचा फोन आला. साहेब भला माणूस. "अगदी सावकाश बरी हो," म्हणाला. "जागा मी राखून ठेवतो. फक्त ते विम्याचं मिटू दे. आता बघ, न बघता रस्त्यात उतरलीस असं कागदोपत्री आलं तर पालक मला फाडून खातील. शाळेच्या क्रॉसिंगवर तुला उभी करायची कशी? माझी अडचण समजून घे."

"समजले की," ब्रेंडा म्हणाली. "सॉरी हं, तुम्हाला उगाच त्रास."

बेकरीच्या रांगेत एक लहान मुलगी आईचा हात सोडून तिच्याकडे आली. क्रॉसिंगवर रोज ब्रेंडाशी आपल्या सशाबद्दल बोलणारी. तिने काठीकडे बघितलं, मग ब्रेंडाच्या तोंडाकडे. "मिस, तुम्ही उजवीकडे बघितलं नव्हतं का?"

आईने पोरीला खसकन मागे ओढलं आणि ब्रेंडाला चार वेळा सॉरी म्हणाली. ब्रेंडाने हसून वेळ मारून नेली. पण पाव न घेताच ती घरी आली आणि जनीनला म्हणाली, "मला वकील हवा."

आता वकील हवा म्हटल्यावर मिळण्याची चिंता नव्हती. इथे घरात कुणाचा पाय मुरगळला तरी कुठून कोण जाणे, वकिलांना वास लागतो. जाहिराती बसच्या पाठीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, टीव्हीवर मालिका रंगात आली की मध्येच. जिंकलो तर फी घेऊ, हरलो तर काही देऊ नका. मिळण्याची पंचाईत नव्हतीच, पंचाईत होती निवडायची. पहिली भेट सगळीकडे फुकट, म्हणून जनीनने ठरवलं की सही करण्याआधी दोन-तीन जणांशी बोलून बघायचं, भाजी निवडून घेतो तसं.

पहिला मँचेस्टरचा. बसच्या पाठीवर ज्यांचे दात चमकतात त्यांच्यातला. जनीनच्या नवऱ्याने सुचवलेला. तो प्रत्यक्ष भेटला नाही, जनीनच्या लॅपटॉपवर दिसला. पोरगा तरतरीत, नाव ब्रॅडली, बोलायचा असा की बस सुटतेय.

"एकदम सोपी केस," तो म्हणाला. "ते अर्ध्याला तयार आहेत, आपण ताणून थोडं वर नेऊ, नाताळच्या आत पैसे खात्यात. कोर्ट नाही, कटकट नाही."

"पण चूक अर्धी माझी, असं राहील ना त्यात?" ब्रेंडाने विचारलं.

"ते फक्त आकड्यासाठी हो. कोण वाचतंय?"

"माझे साहेब वाचतील."

ब्रॅडलीला साहेब कोण ते कळलं नाही. त्याने पडद्यावर एक तक्ता दाखवला, कुठल्या हाडाला साधारण किती मिळतात त्याचा. ब्रेंडाने चष्मा लावून तो सौजन्याने पाहिला, "वा, छान केलाय" म्हणाली, आणि पडदा मिटल्यावर जनीनकडे वळून म्हणाली, "यात क्रॉसिंगचं काही नव्हतं."

दुसरे मिस्टर फेअरक्लफ. गावातलेच, चौकातले, पितळी पाटीवाले. ब्रेंडाच्या आईचं मृत्युपत्र यांनी केलं, घराचे कागद यांनी केले, नवरा गेला तेव्हाची सगळी निस्तरानिस्तर यांनीच केली. त्यांच्या खोलीत बसलं की माणसाला आपोआप पाठ ताठ करावीशी वाटते. त्यांनी स्वतः चहा ओतला, बिस्किटांची बशी पुढे केली.

"हे बघ, ब्रेंडा," ते म्हणाले, "कागद मी पाहिले. त्या क्लेगबाईंचा जबाब आपल्याला जड जाणार. तुझा हात वर होता म्हणते ती. त्यावर मुद्दाम बोट ठेवायला नको. गप्प राहून अर्ध्यावर मिटवावं, असं मला वाटतं. आणि एरिक काही परका नाही. त्याचा बाप आणि मी एका बँडमध्ये वाजवायचो. गावात राहायचंय सगळ्यांना."

"तो काहीच बोलला नाही हो माझ्याशी," ब्रेंडा म्हणाली. "एरिक. अजून एका शब्दाने बोललेला नाही."

"विमावाल्यांनी मनाई केली असणार. माफी मागितली तर अंगाशी येईल या भीतीने ते असं सांगतात."

तेच असणार. आजारात सगळ्यांनी काही ना काही आणून दिलं होतं. एरिककडून काही आलं नाही, आणि दोनदा तर तिला बघून तो पलीकडच्या फुटपाथवर गेला. जिथे खांबालाही सॉरी मिळतो त्या गावात ब्रेंडाला तो मिळालेला नव्हता. तिला याचा राग आला होता, पण तो कुठे ठेवायचा हे तिला ठाऊक नव्हतं, कारण तशी सवय नव्हती.

फेअरक्लफ निरोप द्यायला दारापर्यंत आले. "विचार करून सांग. घाई नाही."

बाहेर आल्यावर जनीन म्हणाली, "चांगले आहेत. घरचे आहेत."

"आहेत गं," ब्रेंडा म्हणाली. "घरच्यांसारखंच गप्प बस म्हणाले."

तिसरं नाव आलं ते युनियनच्या बाईकडून. लॉलीपॉप बायकांचीही युनियन असते आणि वर्गणी देऊनही त्यांना तिची आठवण होत नाही, तशी ब्रेंडालाही झाली नव्हती. युनियनच्या बाईने सांगितलं, बर्नलीत मिसेस बँकोले म्हणून आहेत, जरा तिखट आहेत, पण जाऊन या. म्हणून दोघी बसने बर्नलीला गेल्या.

कचेरी गालिच्यांच्या दुकानाच्या वरती होती. लिफ्ट होती, पण बंद. अर्ध्या जिन्यात ब्रेंडा थांबली, कठड्याला धरून तिने डोळे मिटले, आणि वरून उतरणाऱ्या उंच, काळ्या, पन्नाशीच्या बाईने तिला पाहिलं. बाई तीन पायऱ्या भरभर खाली आली.

"सॉरी, सॉरी," बाई म्हणाली.

"छे हो, तुमचा काय दोष? सॉरी मीच, वाट अडवली," ब्रेंडा म्हणाली.

"वाट कसली? तुम्हाला दुखतंय म्हणून म्हटलं मी. माझ्या देशात, इबादानला, समोरचा ठेचकाळला तरी बघणारा सॉरी म्हणतो. इथे आल्यावर मला वाटलं, वा, हेही आपल्यासारखेच. मग कळलं की तुमचं जरा वेगळंच आहे. आमचे लोक दुसऱ्याच्या दुखण्यासाठी सॉरी म्हणतात, तुम्ही स्वतःच्या दुखण्यासाठी." तिने ब्रेंडाचा चांगला हात धरला. "मी ओमोलारा बँकोले. तुम्हाला खालच्या दुकानातच बसवायला सांगायला हवं होतं. मालक ओळखीचे आहेत. चला, तिथेच बोलू."

म्हणून ब्रेंडाची तिसऱ्या वकिलाशी भेट गालिच्यांच्या दुकानात, गुंडाळ्यांच्या मागच्या कोपऱ्यात झाली. मालकाने खुर्च्या दिल्या आणि स्वतः तोंड फिरवून काहीतरी मोजायचं नाटक करत राहिला.

"काय झालं ते सांगा," मिसेस बँकोले म्हणाल्या.

ब्रेंडाने सांगायला घेतलं. "सॉरी, माझं सांगणं जरा लांबट होईल, पण त्या दिवशी मी, म्हणजे एरिकचाही तसा काही दोष नाही, ऊन तोंडावर होतं..."

"एरिकचं एरिकचा वकील सांगेल. तुमचं सांगा."

"मी पाव घ्यायला चालले होते. क्रॉसिंगपाशी थांबले. मग ओलांडायला निघाले. आणि मग, म्हणजे माझंही जरा..."

"काय जरा?"

"काही नाही. असं म्हणायची पद्धत आहे."

जनीन फिस्सकन हसली. मिसेस बँकोले हसल्या नाहीत. त्यांनी कागद उलटले. "हे क्लेगबाईंचं. 'तिने हात वर केला आणि पाऊल टाकलं.' तुम्ही हात वर केला होता का?"

ब्रेंडाचं तोंड उतरलं. याच प्रश्नाची तिला धास्ती होती. "केला होता," ती म्हणाली. "मिस्टर फेअरक्लफ म्हणाले त्याबद्दल बोलायला नको."

"मी म्हणते बोला. कसा केला, उठून दाखवा. पाटी घेऊन गाड्या थांबवता ते आधी दाखवा, मग त्या दिवशीचं."

ब्रेंडा काठीवर भार देऊन उठली. पहिलं तिला सोपं होतं. काठी पाटीसारखी उभी धरली, दुसरा हात खांद्यातून सरळ बाजूला ताणला, पंजा उघडा, मनगटाच्या पट्ट्यासकट. चेहरासुद्धा बदलला. दुकानाच्या मालकाने दोन गिऱ्हाइकांना नकळत जागच्या जागी थांबवलं.

"आता त्या शनिवारचं."

ब्रेंडाने डाव्या हातातली काठी खाली टेकवली. उजवा हात कोपरातून उचलला, जेमतेम कानाच्या पाळीपर्यंत, बोटं सैल, आणि मान किंचित झुकवून हसली.

"हे काय?" मिसेस बँकोलेंनी विचारलं.

"हे? थँक्यू केलं. गाडी हळू झाली होती ना. आपल्यासाठी कुणी हळू झालं तर हात करायचा असतो."

"क्रॉसिंगवर थांबणं त्याचं कामच आहे. कायदाच आहे तसा. त्यात थँक्यू कशाला?"

"असं कसं? न करता जायचं?" ब्रेंडाला खरंच धक्का बसला. "वाईट दिसतं ते."

"मी या देशात आले तेव्हा हे बघून थक्क झाले होते," मिसेस बँकोले म्हणाल्या. "आमच्याकडे गाडी थांबतच नाही, म्हणून आभार मानायची वेळ येत नाही. इथे बघावं तर म्हातारेकोतारे, शाळेची पोरं, बाबागाडी ढकलणाऱ्या बाया, सगळे आपलाच हक्क बजावताना हात करतात. तुम्ही लोकांनी जन्मापासून केलं म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. क्लेगबाईंनाही दिसलं नाही, हात दिसला फक्त." त्या पुढे झुकल्या. "मिसेस होल्डन, तुम्ही थँक्यू कुणाला केलं?"

"एरिकला."

"एरिक तुम्हाला दिसला होता?"

"दिसला म्हणजे काय? न दिसलेल्या माणसाला कुणी थँक्यू करतं का? व्हॅन उजवीकडून येत होती, तिच्याकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत बघितलं, ती हळू झाली, मी हात केला, आणि..." इथे ब्रेंडा थांबली. तिचं तोंड उघडं राहिलं. मग ती हळूच खुर्चीत बसली.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली.

आता हसू येईल कुणाला, पण खरी गोष्ट अशी की गेल्या काही आठवड्यांत इतक्या लोकांनी इतक्या गोड आवाजात तिला सांगितलं होतं की तुझ्याकडून झालं, की तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. ती पुन्हा म्हणाली, "जनीन, मी बघितलं होतं गं," आणि रडायला लागली. जनीनने तिला जवळ घेतलं. मालकाने कुठूनतरी टिश्यूचा डबा आणला आणि मागितला नसतानाही आणल्याबद्दल सॉरी म्हणून निघून गेला.

मिसेस बँकोलेंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता दुसरी बाजू ऐका, मग मला निवडायचं की नाही ते ठरवा. तुम्ही सॉरी म्हणालात त्याची मला भीती नाही. नुसत्या माफीने चूक कबूल होत नाही, हे इथल्या कायद्यातच आहे. क्लेगबाईंना मी हात करण्याचे हेच दोन्ही प्रकार करून दाखवायला सांगेन. पण अर्ध्यावर मिटवायचं नसेल तर हे लांबणार. एरिकला विचारावं लागणार की तू हळू का झालास आणि मग वेग का वाढवलास. पैसे विमा कंपनी देईल, त्याच्या गल्ल्यातून जाणार नाहीत. पण चूक पूर्ण त्याची ठरेल, आणि ते गावाला कळेल. हे तुम्हाला जमणार आहे?"

"तो वाईट नाही हो."

"नसेल. मी ते विचारलं नाही."

ब्रेंडाने नाक पुसलं.

"आणखी एक. डॉक्टर विचारतील, कसं आहे. तिथे 'बरंय की' म्हणालात तर ते तसंच लिहितील. तुम्ही रात्री कशा झोपता?"

"तशी बरी..." ब्रेंडा म्हणाली, आणि जनीनने तिच्याकडे असं बघितलं की तिने वाक्य गिळलं. "सोफ्यावर," ती म्हणाली. "आणि झोप लागत नाही. आणि परत क्रॉसिंगवर उभं राहता येईल की नाही याची भीती वाटते." इतकं सलग, एका दमात ती स्वतःबद्दल याआधी कधी बोलली होती, ते जनीनलाही आठवेना.

परतीच्या बसमध्ये ब्रेंडा खिडकीबाहेर बघत बसली. गाव दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "फेअरक्लफना नाही म्हणायचं कसं?"

ते काम तिला अपघातापेक्षा अवघड गेलं. घरी आल्यावर तिने चहा केला, तो प्याली, कप धुतला, पुसला, मग फोन उचलला. मिस्टर फेअरक्लफ, सॉरी, मी दुसरीकडे जातेय. ते म्हणाले, छे, छे, सॉरी मीच म्हणायला हवं. ती म्हणाली, तुमचा वेळ घेतला, सॉरी. ते म्हणाले, त्यात सॉरी काय. शेवटी दोघांनीही एकदमच फोन ठेवला आणि ब्रेंडाने मिसेस बँकोलेंचे कागद पुढे ओढून सही केली. मनगट दुखलं. सही वाकडी आली, पण तिने ती दुसऱ्यांदा केली नाही.

एरिक भेटला तो पुढच्या महिन्यात. मिसेस बँकोलेंचं पत्र त्याच्या विमा कंपनीला पोचलं होतं आणि मिसेस क्लेगनी लाँड्रीत उभं राहून सगळ्या गिऱ्हाइकांना हात करण्याचे दोन्ही प्रकार दाखवायचा सपाटा लावला होता, त्यामुळे गावात ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळलं होतं. ब्रेंडा डॉक्टरांकडून येत होती. एरिक दुकानाच्या दारात ॲप्रन लावून उभा होता. या खेपेला तो फुटपाथ बदलून गेला नाही. कदाचित स्वतःचंच दुकान असल्यामुळे जाता आलं नसेल.

"मला तुझ्याशी बोलायची मनाई आहे," तो म्हणाला.

"मलाही आहे," ब्रेंडा म्हणाली.

आतून करवतीने हाड कापल्याचा आवाज येत होता. एरिक खराब दिसत होता, दाढी न केलेला, डोळ्यांखाली काळं.

"सॉरी, ब्रेंडा," तो म्हणाला.

तिची जीभ सवयीप्रमाणे तयारच होती. अरे असू दे, तुझं काय त्यात, माझंही जरा. सगळं तोंडात येऊन उभं राहिलं. तिने ते तिथेच अडवलं.

"मी बघितलं होतं, एरिक," ती म्हणाली. "तुला हात केला होता मी."

एरिकने ॲप्रनला हात पुसले. पुसायची गरज नव्हती. "माहितीये," तो म्हणाला. "मी बघितला हात. तुझ्यासाठीच हळू झालो होतो. मग दुकानाकडे बघितलं, रांग बाहेरपर्यंत आली होती, आणि नवी पोरगी एकटी आत. ॲक्सिलरेटरवर माझा पाय कधी दाबला गेला, कळलंच नाही." त्याने पुन्हा ॲप्रनला हात पुसले. "मी विमावाल्यांना सांगितलं तू अचानक आलीस. त्यांनीच विचारलं, अचानक आली का, तर मी हो म्हणालो."

ब्रेंडाने काठी घट्ट धरली. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि त्याच वेळी काठीने त्याची काच फोडावीशी वाटली. यातलं काहीच तिने केलं नाही.

"मग आता तिथे हे सांग," ती म्हणाली.

"माझ्या नावावर येईल सगळं. इथे दुकान आहे माझं, ब्रेंडा. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी," ब्रेंडा म्हणाली. "आत्ता ते माझ्या नावावर आहे."

एरिक खाली बघत राहिला. आतून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही. मग त्याने मान हलवली.

"सांगतो," तो म्हणाला. "उद्याच फोन करून सांगतो."

ब्रेंडाच्या ओठांवर थँक्यू आलं होतं. ते तिने तसंच परत नेलं आणि काठी टेकत घराकडे चालू लागली.